आबांच्या रायफलीसाठी कारागीर पाहणे

सोनाळा,
नोव्हेंबरातला दुसरा रविवार, जेवण झाल्यावर

ती. जयमालाताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (कंबर धरली असल्यामुळे हे काम सध्या मनातल्या मनात उरकलं आहे) तुझ्या धाकट्या भावाचा, वामनचा, दंडवत. जळगाव जामोदला सगळे बरे असाल. तुझ्या गुडघ्याला रोज तेल लागतं ना? भाऊजींचं बीपी आणि लोणच्याची बरणी यांच्यातलं भांडण मिटलं का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. गीता अजून माझीच बायको आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या महिन्यात हा प्रश्न दोनदा निघाला, आणि दोन्ही वेळा निमित्त आबांची रायफल होती. तीच हकीकत सांगायला हे पत्र.

यंदा आपल्या शिवारात रानडुकरांनी कहर केला आहे. डोंगराकडच्या अकरा घरांचा मका त्यांनी कणसांसकट आडवा केला, आणि आता हरभरा उगवला न उगवला तोच उकरून ठेवतात. सगळ्यांनी मिळून वनखात्याकडे अर्ज केला आणि आश्चर्य म्हणजे परवानगीचा कागद आलासुद्धा! त्या कागदावर बंदूकधारी म्हणून एकच नाव आहे, तुझ्या भावाचं. गावात परवान्याची रायफल एकच, आपल्या आबांची तीनशे पंधरा बोअरची. आबांच्या मागे वारसाने ती माझ्याकडे आली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. (त्यातले बरेच दिवस तिने पोलीस ठाण्यात काढले. निवडणूक लागली की बंदूक जमा करावी लागते, आणि आपल्याकडे निवडणूक नसते केव्हा? ठाण्यातले जमादार तिला माहेरवाशीण म्हणतात.) तर पारावर कागद वाचला गेला, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याच आठवड्यात मोबाइलवर मझल ब्रेक नावाचा प्रकार मी पाहिला होता. बोटभर लांबीचं, कडेला भोकं पाडलेलं लोखंडी नळकांडं असतं ते, रायफलीच्या तोंडाशी बसवतात. बार निघाला की आतला जाळ-वारा बाजूच्या भोकांतून फाकतो आणि खांद्याला बसणारा धक्का बराच कमी होतो. मी गंभीर चेहऱ्याने सभेला सांगितलं की ही रायफल फार धक्का देते, नेम हलतो, एखादी गोळी भलतीकडे गेली तर जबाबदार कोण? तेव्हा आधी मझल ब्रेक, मग डुक्कर. असलं नाजूक काम करणारा कारागीर शोधण्यात हरभऱ्याचा हंगाम सहज निघून जाईल असा माझा अंदाज होता. शिवाय प्रत्येक कारागिरात काही ना काही खोट काढायची मी मनाशी तयारी ठेवली होती.

पण सभेत आपले महादेवराव बसले होते. बेचाळीस लग्नं जुळवलेला माणूस, बाहत्तराव्या वर्षीही त्यांच्या पिशवीत दोन-चार पत्रिका असतातच. त्यांनी काठी आपटली. "काहून घाबरून राह्यला बे वामन? पोरीले स्थळ पाह्यतो तसा कारागीर पाहून देतो तुले." आणि ताई, त्यांनी शब्दशः तसाच पाहिला. मुहूर्त काढला, भाड्याची जीप ठरवली, मला फेटा बांधायला लावणार होते पण गीताने वाचवलं.

पहिलं स्थळ पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरचं. शेतीच्या पंपांची आणि ट्रॅक्टरची कामं करणारा एक तरुण, लेथ मशीन स्वतःचं. महादेवरावांनी रायफलीचं नावही न काढता भाऊ किती, शेती किती, तंबाखू-सुपारी आहे का, घरात देवाधर्माचं काय, अशी सुरुवात केली. तो बिचारा बुचकळ्यात पडला, पण उत्तरं सगळी बरोबर दिली आणि चहात आलंही घातलं. शेवटी मी विचारलं, बंदूक दुरुस्तीचा परवाना आहे का? तो हसून म्हणाला, "नळीच आहे ना काका? बोअरचा पाइप रोजच जोडतो. आणा, वेल्डिंग मारून देतो!" मी इतका आनंदलो की त्याला मिठीच मारणार होतो. विनापरवाना माणसाकडून हत्याराला हात लावून घेणं म्हणजे आपणच तुरुंगात जाणं, हे मी महादेवरावांना परतीच्या वाटेवर तीन वेळा समजावलं. ते घरापर्यंत हळहळत होते. पोरगा निर्व्यसनी होता म्हणाले.

दुसरं स्थळ मोठ्या शहरातलं, काचेच्या दाराचं. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची बदनामी नको. परवाना होता, एसी होता, आणि मालकांनी मखमलीच्या डबीतून तीन मझल ब्रेक काढले, सोनार जोडवी दाखवतो तसे. आपल्या रायफलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कुठल्या स्पर्धेसाठी हवं, एवढं विचारलं आणि म्हणाले, ठेवून जा, सहा महिने लागतील. सहा महिने! ताई, मला ते घराणं एकदम पसंत पडलं. मी तिथेच साखरपुडा उरकायला निघालो होतो. पण महादेवराव उठून उभे राहिले आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. "पानी तरी इचारलं का त्यानं? अशा घरात आपली पोरगी नाही द्याची." झालं, माझे सहा महिने पाण्याच्या ग्लासावरून गेले.

तिसरं स्थळ खामगावचं. अश्वजित इंगळे, वय चाळिशीच्या आतबाहेर. वडील सरकारी शस्त्रकारखान्यात होते, त्यांच्या हाताखाली शिकलेला. दुकान एका खणाचं, पण झाडलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली काचेत बसवलेला परवाना, तारीख चालू. (मी तारीख नीट पाहिली. दोनदा पाहिली. चालूच होती.) महादेवरावांनी पाणी यायची वाट पाहिली, ते आलं, सोबत चहा आला. व्यसन विचारलं तर चहाचंच म्हणाला. महादेवरावांचा चेहरा असा खुलला की आता ते पत्रिका काढतात की काय असं मला वाटलं.

मग अश्वजितने रायफल हातात घेतली, मागचा बोल्ट काढला आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत डोळा लावला.  नंतर लांब गजाला कापड गुंडाळून नळीतून फिरवलं. पहिलं कापड लाल आलं, दुसरं पिवळं, तिसरं पुन्हा लाल. चौथ्या वेळी तांदळाचे सात दाणे आणि आपट्याच्या पानाचा देठ बाहेर पडला. आता तुला तर माहीतच आहे, दसऱ्याला आपण रायफल पाटावर उभी करतो. आबा असताना नळीच्या तोंडाशी कुणाला फिरकू देत नसत. त्यांच्या मागे मी मात्र दरवर्षी थेट तोंडालाच हळदकुंकू लावत आलो, वर मूठभर अक्षता. भक्तीत काही कमी पडू नये म्हणून.

अश्वजित हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, हे आत असताना बार काहाडला असता तं नळी फाटली असती. किती वर्षं झाली चालवली नाही?" मी म्हटलं, मध्यंतरी जरा खंड पडला. महादेवराव माझ्याकडे पाहत होते. मी भिंतीकडे पाहत होतो.

पुढे जे झालं त्यासाठीच मी त्याला निवडला. पहिला रायफल न पाहताच वेल्डिंग मारायला निघाला, दुसऱ्याने फक्त डबी दाखवली. याने विचारलं, "चालवनार कोन? खांदा कोनाचा?" ब्रेक बसवणं फार मोठं काम नाही, पण त्याआधी खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता चालवणाऱ्याच्या हाताला मापून बसवावा लागतो, नाहीतर धक्का गालावर येतो. शिवाय ब्रेक लावला की आवाज बाजूला फाकतो, शेजारी बसणाऱ्याचे कान बधिर होतात. (महादेवराव माझ्याबरोबर मचाणावर बसणार होते. त्यांनी खुर्ची तिथल्या तिथे मागे सरकवली.) आणि मग अगदी हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "धक्का कमी करून देतो काका. पन भेव काहाडाचं मशीन माह्याजवळ नाही." त्याने माझ्या कोपराला टेप लावली. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, थांब, माप नंतर देतो. रायफल त्याच्याकडे रीतसर पावती करून ठेवून आलो.

जीपमध्ये मी महादेवरावांना एवढंच म्हणालो की तांदळाचं गावात बोलू नका. ते भडकले. "बेचाळीस लग्नं जुळवली बे! एका नवरदेवाचं टक्कल लग्न लागेपर्यंत फेट्याखाली झाकलं मी. सात दाने काय चीज आहे?" तेव्हा गावाला अजून काही कळलेलं नाही. आपलं सगळं क्षेम आहे. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि तुझ्या हातच्या मुगवड्या संपल्या हे गीताने लिहायला सांगितलं आहे.

तुझा धाकटा,
वामन

ता. क. शिवारात इतकी वर्षं जे बार ऐकू येतात आणि ज्यांच्यावरून गावात माझा दरारा आहे, ते तेलाच्या रिकाम्या डब्यात फोडलेले सुतळी बॉम्ब आहेत. गीताला माहीत आहे. डबा तीच जपून ठेवते. डुकरांनाही आता माहीत झालं आहे, म्हणून तर ती मका खाऊन सावकाश जातात.

ता. क. २. खरं सांगायचं ते आता सांगतो. आबांनी बांधावर आपल्या दोघांना उभं केलं होतं, तू सोळाची, मी तेराचा. बोरीला टांगलेलं गाडगं तू पहिल्या गोळीत फोडलंस. मी डोळे मिटून चाप ओढला आणि धक्क्याने पाण्याच्या पाटात जाऊन बसलो. आबांनी पाठ तुझी थोपटली आणि वारस म्हणून नाव माझं लिहिलं, कारण मी मुलगा. ते चुकीचं झालं हे मला तेव्हाही कळत होतं, ताई, आणि तरी मी गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते. पंचवीस वर्षं झाली की घरातल्या वारसाला परवाना देता येतो आणि बहीणही वारसात बसते, असं बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीतल्या बाईंनी सांगितलं. अर्ज सोबत आहे, माझी सही केली आहे, तुझी बाकी आहे. दिवाळीत तू चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवलास तो मी पाहिला. हात अजून तोच आहे. उजव्या कोपराच्या खळगीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंतचं माप पाठव, दस्ता त्या मापाने होईल.

ता. क. ३. परवाना तुझ्या नावावर व्हायला दोन-तीन महिने लागतील, तोवर सुतळी बॉम्ब आहेतच. पण पत्र काल टाकायचं राहिलं, आणि आज सोमवारी सकाळी मी पारावर जाऊन डब्यासकट सगळं सांगून टाकलं. लोक हसले, पुष्कळ हसले. मग हसणं थांबल्यावर त्या अकरा घरांतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "जयमाला येईन ना पन?" मी तुला न विचारता हो म्हणून बसलो आहे.