डोंगर काय पळून जातोय

४ मे, दुपारी. दुकानात गिऱ्हाईक नाही.
सकाळी हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पडदा खराब होत चाललाय म्हणे, उपाय नाही. काय बघायचं असेल ते या उन्हाळ्यात बघून घ्या, असं सरळ तोंडावर म्हणाला. कालचं पोर! मी जन्मभर चष्मे विकतोय. नंबर बदललाय, दुसरं काही नाही.
परत येताना ही म्हणाली, उत्तरेचा तो समुद्राकाठचा डोंगर राहिलाच आपला. लग्नानंतर जाणार होतो, तेवढ्यात दुकान उघडलं. वरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो म्हणतात. म्हटलं, जाऊ की! सकाळी चढायचं, संध्याकाळी खाली. येत्या रविवारीच.

६ मे
संकल्प. आजपासून लिफ्ट बंद. रोज जिने. पाठीवर सॅक, सॅकमध्ये फ्रेमचे जुने कॅटलॉग. स्टॅमिना असाच वाढतो.

७ मे
कॅटलॉग फारच जड निघाले. उद्यापासून नुसती सॅक.

९ मे
गुडघा. रविवार रद्द. ही म्हणाली, बरं. डोंगर काय पळून जातोय?

१५ मे, दुकान बंद केल्यावर
हिचे डोळे मीच तपासले. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. एक अक्षर चुकलं नाही. मी दिवा लावायच्या आत वाचून मोकळी! डॉक्टरला फोन करून चांगलं सुनावणार होतो, पण म्हटलं जाऊ दे, पोरगं आहे. हिला नवा चष्मा केला. दुकानातली सगळ्यात भारी काच.

१६ मे
ही म्हणाली, अहो, तो तक्ता मी रोज सकाळी पुसते. पाठ आहे मला. काल तुमचा चेहरा बघून वाचून टाकला.
म्हटलं, माझा चेहरा दिसला ना? मग झालं तर! तक्ता पुसायला लागली. पटलं असणार.

२४ मे
डोंगराचे बूट घेतले. विक्रेता म्हणाला, एक नंबर मोठा घ्या, उतरताना बोटं दुखतात. नंबराच्या गोष्टी मला शिकवतो.

२५ मे
बूट चावले. दोन्ही टाचांना फोड. ही म्हणाली, साधे बूट घालून चला ना, हळूहळू जाऊ, आज हवा किती स्वच्छ आहे. दुपारी पुन्हा तेच म्हणाली. म्हटलं, एकदाच जायचंय तर नीट जाऊ.

७ जून
चहा ओतताना अर्धा बशीत, थोडा टेबलावर. हल्लीचे कप अरुंद असतात. रुंद कप आणले.

१२ जून
हिनं पेपर बंद करायला सांगितला. बरोबरच आहे. हल्ली पेपरात असतं काय?

२१ जून
बॅगा भरून तयार होतो. तिकडे ढग आहेत असं रेडिओवर सांगितलं. बॅगा रिकाम्या केल्या. ही संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून होती. मला वाईट वाटलं. तिला दुसरा चष्मा केला. मागच्याचा नंबर बहुतेक किंचित चुकला होता.

१० जुलै
मेहुण्याचा फोन. ताई फोनवर रडली म्हणाला. माझ्यासमोर कधी रडत नाही, म्हणजे भावाचा आवाज ऐकून भरून आलं असेल. मग म्हणाला, दाजी, तुम्ही नेताय की मी नेऊ? मी म्हटलं, तिकिटं कधीच काढलीत! फोन ठेवला आणि स्टेशनवर पळालो. ऑगस्टची मिळाली.

३ ऑगस्ट, संध्याकाळी, डोंगराखालच्या लॉजवर
चढलो. मी पुढे, ही मागे माझ्या सॅकचा पट्टा धरून. आधी वाटलं, मला आधार देतेय. दगड आला की मी सांगायचो, दगड. पायरी आली की पायरी. निम्म्या वाटेवर माझा दम गेला, तिचा नाही.
पावसानं नेमकी उघडीप दिलेली, वर आभाळ लख्ख. तिन्ही बाजूंना समुद्र, लोक म्हणतात तस्साच. हिच्यासाठी केलेला तिसरा चष्मा माझ्या खिशात होता, वर पोहोचल्यावर देणार होतो. सरप्राइज.
तेवढ्यात एका जोडप्यानं तिच्या हातात मोबाइल दिला. काकू, आमचा एक फोटो काढता का? तिनं हसून घेतला. दोन्ही हातांनी नीट धरला, हसा म्हणाली, बटण दाबलं. मी तिच्या मागेच उभा होतो. फोटोत खडक आला होता आणि कुणाचा तरी बूट. पोरीनं बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, मस्त आलाय, काकू, थँक्यू.
ते गेल्यावर हिनं मला हळूच विचारलं, आला ना हो बरोबर? मी म्हटलं, फर्स्टक्लास. चष्मा खिशातून काढलाच नाही.
बसली ती खडकाकडे तोंड करून. मी खांदे धरून तिला समुद्राकडे वळवलं. मे महिन्यात आलो असतो तर, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, सांगा, काय काय दिसतंय.
म्हटलं, निळं आहे. कसलं निळं, म्हणाली. मला सांगता येईना. मग एक बोट दिसली, ती सांगितली. पांढरी आहे, छोटी आहे, एकटीच आहे, मागे पाण्यावर रेघ उमटतेय. ती कान देऊन ऐकत होती. म्हणाली, बोटीचं पुन्हा सांगा ना.
तोवर बोट निघून गेली होती. मी सांगत राहिलो.