हळूहळू काळोख करण्याचं यंत्र

२८ डिसेंबर, रविवार
ठरलं. माघी गणपतीला वाडीचं नाटक आहे, त्याची प्रकाशयोजना या वर्षी माझी. आमचे दिग्दर्शक लवूकाका, निवृत्त मास्तर, त्यांनी दोनदा विचारलं, जमेल ना रे विनीत? मी म्हटलं, काका, प्रकाश हा माझा विषय आहे. (ऑफिसात माझा विषय आवक-जावक आहे, पण ते नोकरीपुरतं.)

आजवर आमच्याकडे प्रकाशयोजना म्हणजे मांडववाल्याचे दोन हॅलोजन. प्रवेश संपला की तो खट्कन बंद करतो आणि मेलेला माणूस उठून विंगेत पोचायच्या आत परत चालू करतो. गेल्या वर्षी खलनायक दोनदा मेला.

माझी योजना: घरी बनवलेल्या एलईडी पट्ट्या. पीव्हीसी पाइप उभा चिरायचा, आत पट्टी चिकटवायची, वायर ओढायची. आणि पट्टीला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, असा घ्यायचा की बटण फिरवलं की प्रकाश हळूहळू कमी होईल. शेवटच्या प्रवेशाला तेच हवंय.

शेवटचा प्रवेश वेदिकाचा आहे. माझी बायको म्हणून नाही लिहीत. मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई. वाडीत आईचं काम आजवर सुजय करत आला, मिशी काढून. या वर्षी पहिल्यांदाच बाई उभी राहणार. सुजयने मिशी अजून काढलेली नाही, पण पाठांतर चालू ठेवलंय. लागलोच तर, म्हणतो. वेदिका पडली तर पुढची दहा वर्षं वाडी म्हणेल, सुजयची आई बरी होती.

तिने मला एकच सांगितलं. काळोख वेळेवर द्या, बाकी माझं मी बघते. दिला समज.

३० डिसेंबर, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत रत्नागिरीत दादूच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दादू म्हणाला, पट्टी किती व्होल्टची? मी म्हटलं, चांगल्या क्वालिटीची. तो म्हणाला, तसा नाय चालत, बारा की चोवीस? पट्टीवर छापलेला असता बघा.

हे लोक छोट्या गोष्टीत अडकतात.

त्याने एक साधा बाराचा सप्लाय दाखवला आणि काड्यापेटीएवढा डिमर. म्हणाला, सप्लाय आणि पट्टीच्या मधे हा जोडा, गोल बटण फिरवा, झाला काम. एवढं सोपं असतं तर कोणीही केलं असतं. नाटक आहे, देव्हाऱ्यातली माळ नाही. नको म्हटलं.

संध्याकाळी मोबाइलवरून ड्रायव्हर मागवला. नावातच ‘प्रोफेशनल’ आहे.

५ जानेवारी, सोमवार
ड्रायव्हर आला. वजनदार. वजन म्हणजे विश्वास.

रात्री ८ वा. – जोडणी. प्रकाश अक्षरशः दिपवणारा! वेदिकाला हाक मारली. ती बघायला येईपर्यंत वास यायला लागला. ती म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, नवीन वस्तूला सुरुवातीला वास असतो.

८.१० – पट्टी गेली.

तपासलं. ड्रायव्हर चोवीसचा, पट्टी बाराची. म्हणजे चाचणी एका अर्थी यशस्वी. पट्टीची कमाल क्षमता कळली. सुदैवाने दुसरं बंडल शिल्लक आहे.

संकल्प: यापुढे आधी वाचायचं, मग जोडायचं.

९ जानेवारी, शुक्रवार
बाराचा ड्रायव्हर आणला, दुसऱ्या दुकानातून. दादूकडे गेलो असतो तर तो हसला असता, आणि हसण्यात कोणाचा वेळ घालवणं मला आवडत नाही.

डिमर घरातच सापडला. बेडरूमच्या पंख्याचा रेग्युलेटर! पंखा कमी-जास्त होतो तर दिवा का नाही होणार? जानेवारीत पंखा लागतो कुणाला? अशी कल्पना शहरातल्या माणसाला सुचायची नाही.

परिणाम: पाचवर ठीक. चारवर पट्टी फडफडते. तीनवर ड्रायव्हर गुणगुणतो. दोनवर दोन्ही.

वेदिकाने खोका हातात घेऊन मागची बाजू वाचली. म्हणाली, अहो, इथे लिहिलंय, नॉट डिमेबल. मी तिला समजावलं की खोक्यावर कंपन्या स्वतःच्या बचावासाठी काहीही लिहितात. ती म्हणाली, बरं. मग रेग्युलेटरच्या जागी भिंतीत जे भोक होतं त्याकडे तिने थोडा वेळ बघितलं.

१० जानेवारी, शनिवार
बेडरूममध्ये मच्छर. पंखा नाही. आज तांत्रिक काम करायची मनःस्थिती नव्हती.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
आता खरोखरचा डिमेबल ड्रायव्हर घेतला. खोक्यावर तसं छापलेलं आहे, मी स्वतः वाचलं, दोनदा. बारा व्होल्ट, तेही वाचलं. आकाराने लहान आणि देखणा. तीस वॉट. वॉट म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण पट्टीचे किती ते पट्टीवर फार बारीक छापलंय आणि चष्मा ऑफिसात राहिला.

घरी लावला. बटण फिरवलं. प्रकाश कमी झाला! हळूहळू! मी वेदिकाला तिळगूळ दिला आणि म्हटलं, बघ. तिने बघितलं. खरोखर खूश झाली. स्वयंपाकघरातच खुर्ची घेऊन बसली आणि प्रवेश करायला लागली. मी पट्टीचा एकच तुकडा लावला होता, ते या क्षणी सांगायचं कारण नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार
तालीम, देवळासमोर. पूर्ण पट्टी लावली.

पट्टी लागते, विझते, लागते, विझते. आपली आपण. मी सगळ्यांना सांगितलं की हा श्वास घेणारा प्रकाश आहे, आईच्या मनाची घालमेल दाखवतो. लवूकाका म्हणाले, घालमेल नाय रे, दमा लागलाय तिला.

सगळे हसले. सुजय जास्त हसला. वेदिका हसली नाही. घरी येताना म्हणाली, त्या दादूला एकदा विचारून तर बघा. मी म्हटलं, विचारतो. विचारणारच होतो. पण मग लक्षात आलं, की यात दादूला काय कळतं हे मला आधीच कळलेलं आहे.

तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्यावर विश्वास बसला असावा.

२० जानेवारी, मंगळवार
उपाय सापडला. एकच पट्टी दोन ड्रायव्हरवर. डावा भाग देखण्या ड्रायव्हरवर, उजवा भाग नॉट डिमेबलवर, त्याला पंख्याचा रेग्युलेटर. दोन्ही बटणं एकत्र फिरवायची. हात दोन असतातच.

ऑफिसात भरपूर सराव केला. पेपरवेटवर.

२२ जानेवारी, गुरुवार. माघी गणेश जयंती
सकाळी ९ – मन शांत. वायरिंग पूर्ण, ड्रायव्हर स्टेजच्या फळ्यांखाली. वेदिका उपाशी आहे. नाटक झाल्याशिवाय घशाखाली उतरणार नाही म्हणते. मी तिला सांगितलं, तू फक्त बस. काळोख माझा.

२३ जानेवारी, शुक्रवार
सकाळी ७ – यशस्वी!! क्रमाने लिहितो.

शेवटच्या प्रवेशापर्यंत हॅलोजनच होते, त्याबद्दल बोलायला नको. मग हॅलोजन बंद आणि माझी पट्टी चालू. लख्ख. मी दोन्ही बटणं फिरवली. काही नाही. उलट फिरवली. काही नाही. म्हणून फळ्यांखाली शिरलो. बॅटरी दातात. वर वेदिकाचा आवाज येत होता, पण देखण्या ड्रायव्हरची वायर सुटलेली की नाही हे बघण्यात नीट ऐकू आलं नाही. मी वायर दाबली मात्र, आणि काळोख!

हळूहळू झाला की एकदम, ते खालून कळलं नाही. पण झाला. मग टाळ्या. एवढ्या टाळ्या आमच्या वाडीत मी ऐकल्या नव्हत्या. बाहेर येऊन मी हात जोडले, सगळीकडे वळून. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. प्रकाश माणसाला रडवू शकतो, हे मी म्हणतच होतो.

सकाळी ११ – लवूकाका भेटले. थोडा तपशील कळला.

वायरचा काही संबंध नव्हता. वेदिका खुर्चीतून उठली, सेटच्या भिंतीवर एक स्विच होता तिथे गेली, आणि म्हणाली, “आज पण नाय आला. दिवा कशाला जाळायचा? उद्या परत लावीन.” आणि तिने दिवा बंद केला. नाटकात हे वाक्य नाही. माझ्या आराखड्यात तो स्विचही नाही.

सुजय स्वतः रडला म्हणे. पुढे आईचं काम करणार नाही, असं जाहीर करून टाकलंय. मिशी आणखी वाढवतोय.

दुपारी १ – जेवताना वेदिकाने विचारलं, शेवटचा प्रवेश कसा वाटला? मी म्हटलं, अप्रतिम. ती म्हणाली, तुम्ही कुठून बघितलात? आमटीत मीठ कमी आहे का, असं मी विचारलं.

२४ जानेवारी, शनिवार
सुजयने वाडीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बाथरूममध्ये जाऊन पाहिला.

वेदिका खुर्चीत. उजेड भगभगीत. ती बोलायची थांबते आणि वाटेकडे बघत राहते. खूप वेळ. एवढा वेळ स्टेजवर कोणी गप्प बसलेलं मी पाहिलं नाही. तिचा चेहरा असा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं, लग्नाला इतकी वर्षं होऊन. मग ती उठते. खाली डाव्या कोपऱ्यात फळ्यांमधून दोन पाय बाहेर आलेत. माझे. एकाच पायात चप्पल.

फार वाईट वाटलं. सगळ्या वाडीने पाहिलं आणि मी एकटा तिथे असून नव्हतो.

बाहेर आलो. ती कुळथाला फोडणी देत होती. मी म्हटलं, व्हिडिओ पाहिला. खरं सांगतो, रडू आलं. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, कुठल्या जागी? मी म्हटलं, तू माझ्या काळोखाची वाट बघत गप्प बसलीस ना, त्या जागी. मला माफ कर.

ती म्हणाली, त्या जागी मी मुलाची वाट बघत होते. तुमची वाट बघणं मी तालमीलाच सोडलं.

मग सगळं कळलं. वाक्य तिने श्वास घेणाऱ्या प्रकाशाच्या दुसऱ्या दिवशीच लवूकाकांना म्हणून दाखवलं होतं. गुरुवारी दुपारी मी आंघोळीला गेलो असताना दादूने येऊन पट्टी माझ्या ड्रायव्हरवरून काढून आपल्या साध्या सप्लायवर घेतली आणि भिंतीवर स्विच बसवला. सुजयला माहीत होतं, मांडववाल्याला माहीत होतं, देवळाच्या पुजाऱ्यालासुद्धा माहीत होतं. सांगितलं नव्हतं ते फक्त प्रकाशयोजनाकाराला.