'नाही'चे काम करणाऱ्या काकांसाठी फिरती खुर्ची

प्रति,
मा. प्रमुख,
संगणक विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : माझ्या टेबलाजवळ बसणाऱ्या कर्मचाऱ्यास हलवावे, हा माझा अर्ज मागे घेणे व त्यांना फिरती खुर्ची मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा मागील महिन्यातील अर्ज.
२) त्यावर आलेले आपले उत्तर.

महोदय,

१. मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. बाटलीवरचे लेबल पूर्ण वाचल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, ही सवय मला शिकतानाच लागली. आमच्या संगणकांवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना इन्स्टॉलरने गोपनीयतेचे प्रश्न विचारले, तेही मी पूर्ण वाचले. तुमचे ठिकाण कळू द्यायचे का, टंकन पाहू द्यायचे का, आवाज ऐकू द्यायचा का, वस्तू हरवल्यास शोधू द्यायची का, आवडीच्या जाहिराती दाखवायच्या का. मी सगळीकडे 'नाही' निवडले. बिघाडाची माहिती पाठवण्याच्या प्रश्नाला 'नाही' हा पर्यायच नव्हता, म्हणून 'फक्त आवश्यक माहिती' यावर खूण केली. माझ्या सहकाऱ्यांनी न वाचता 'पुढे', 'पुढे' दाबले आणि ते चहाला गेले. त्यांना मी दोष देत नाही. चहा गार होत होता.

२. त्यानंतर आपल्या विभागाच्या बैठकीत असा मुद्दा निघाल्याचे समजते की 'होय'चे काम यंत्र करते, मग 'नाही'चे, म्हणजे न पाहण्याचे व न ऐकण्याचे, काम कोण करते? याचे उत्तर कोणाकडेच नसल्याने एक पद निर्माण झाले. टेलिफोन एक्सचेंज बंद झाल्यापासून रिकामे बसवलेले आमचे ऑपरेटरकाका त्या पदावर नेमले गेले. सर्व कार्यालयात 'नाही' फक्त माझेच असल्याने ते माझ्या टेबलाजवळ स्टुलावर बसू लागले.

३. काका कामात चोख आहेत आणि अडचण तिथूनच सुरू झाली. मी टंकन सुरू केले की ते मान पूर्ण फिरवून भिंतीकडे बघतात. मी बोलू लागले की कानात कापूस घालतात. मी उठले की डोळे मिटून घेतात, आणि मी परत आले हे कळावे म्हणून मला त्यांच्या खांद्याला हात लावावा लागतो. एकदा मी सांगायला विसरले व परस्पर घरी गेले. रखवालदाराने दिवे मालवायच्या वेळी त्यांना पाहिले व विचारले, "काका, झोपलात काय?" काका म्हणाले, "ड्यूटीवर आहे. बाई कुठे गेल्या ते मला सांगू नकोस."

४. जाहिरातींबाबत खुलासा आवश्यक आहे. इन्स्टॉलरच्या बारीक अक्षरांत लिहिले होते की 'नाही' म्हटले तरी जाहिराती दिसतीलच, फक्त त्या आपल्या आवडीच्या नसतील. त्यानुसार काका रोज वर्तमानपत्रातून कात्रणे आणून मला दाखवतात. आतापर्यंत ट्रॅक्टरचे टायर, टकलावरील तेल, कुस्तीचे लंगोट आणि एक वापरलेली बोट दाखवून झाली आहे. बोटीकडे मी जरा जास्त वेळ पाहिले, तर ते घाबरून म्हणाले, "आवडली की काय? मग रिपोर्ट करावा लागेल मला!" नावडते नेमके आणता यावे म्हणून तुमची आवड सांगा, अशी विनंती त्यांनी केली होती. ती सांगितली तर माझ्या 'नाही'चा भंग होईल, हे त्यांच्याच लक्षात आले व त्यांनी दोन्ही कान धरून माफी मागितली.

५. माझा चष्मा कपाटामागे पडला तेव्हा तो त्यांना दिसत होता. हरवलेली वस्तू शोधण्यास मी नकार दिलेला असल्याने ते गप्प राहिले. मी गुडघ्यांवर बसून चाचपडत असताना त्यांना घाम फुटला होता, हे मी चष्मा सापडल्यावर पाहिले.

६. मागील अर्जाचे तात्कालिक कारण मात्र धूर हे होते. माझी पाठ तिकडे असताना हीटिंग प्लेटवरील भांडे कोरडे पडून शेजारचा कपडा पेटला. काका उभे राहून म्हणाले, "बाई, आवश्यक माहिती : धूर." मी विचारले, "कुठून?" ते म्हणाले, "ती ऐच्छिक माहिती झाली." आग मी विझवली. बाही थोडी जळाली. त्याच संध्याकाळी मी त्यांना हलवण्याचा अर्ज केला.

७. आपले उत्तर मिळाले. सोमवारी सिस्टीमची नवी आवृत्ती बसणार आहे, तीत सर्व पर्याय आधीच 'होय' केलेले असतील, आणि लेखी हरकत न घेणाऱ्यांची संमती गृहीत धरली जाईल. त्यामुळे माझी तक्रार 'आपोआप निकाली निघते' व सदर पद रद्द होऊन काकांना निवृत्तीपूर्वीच घरी पाठवले जाईल, असे आपण कळवले आहे. काकांना हे अद्याप माहीत नाही. आपले पत्र माझ्या नावे होते, म्हणून त्यांनी ते पाहिले नाही.

८. दरम्यान एक गोष्ट घडली. माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आईच्या तपासणीचा निकाल चांगला नव्हता. फोन ठेवल्यावर सहकारी भोवती जमले. काय झाले, कोणते हॉस्पिटल, वय किती, असे सर्व विचारू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकीच्या संगणकावर त्याच आजाराच्या औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. फोन आला तेव्हा काका मात्र कानात कापूस घालून भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी वळून पाहिले नाही. फक्त हात मागे करून पाण्याचा पेला माझ्या टेबलावर सरकवला. ही माहिती त्यांना कोठून मिळाली, याची चौकशी मी केलेली नाही व आपणही करू नये.

९. एक्सचेंजवर असताना उभ्या कार्यालयाचे बोलणे त्यांच्या कानांवरून गेले. त्यातला एक शब्दही कोणी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. असे उपकरण आपल्या विभागाकडे दुसरे नाही, असे माझे नम्र मत आहे.

१०. सबब विनंती की :

(अ) माझा मागील अर्ज रद्द समजावा.
(आ) सोमवारी माझ्या संगणकावर इन्स्टॉलर माझ्यासमक्ष चालवावा. मी पुन्हा सर्व प्रश्न वाचीन व पुन्हा 'नाही' म्हणेन. ही माझी लेखी हरकत समजावी.
(इ) माझे 'नाही' कायम असेपर्यंत काकांचे पद कायम ठेवावे. माझी निवृत्ती त्यांच्या बरीच नंतर आहे.
(ई) त्यांना स्टुलाऐवजी फिरती खुर्ची द्यावी. मी दिवसभर टंकन करते आणि त्यांची मान अवघडते.
(उ) धूर कुठून येतो, ही बाब 'आवश्यक' सदरात घालावी.

आपल्या उत्तराची व खुर्चीची वाट पाहणारी,

आपली नम्र,
(सही)
रसायनतज्ज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळा
शुक्रवार

सोबत : जळालेली बाही (एक).

नियमानुसार शेरा : वरील अर्ज टंकित होत असताना मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मजकूर मला माहीत नाही. आज टंकन फार वेळ चालले. मान धरली आहे, पण तक्रार नाही. अर्ज कशाचाही असो, बाईंचे काम व्हावे.
(सही) ऑपरेटर