तळं तुयं, जाळं मायं

बाबा, आज रविवार आहे. चर्चमधली उपासना आटोपून मी घरी आलो, सकाळचाच भात गरम करून जेवलो आणि तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता वीस-बावीस वर्षं झाली. तरी दुसरं कोणाला सांगू, ते सुचत नाही. मंडळीत मला मान आहे. लोक दारातूनच सलाम करतात, पाळकसाहेब बरे आहात ना विचारतात आणि निघून जातात. आत येऊन चहा मागणारं कोणी उरलेलं नाही.

आज कापणीचा सण होता. वेदीपुढे धानाच्या पेंढ्या, भोपळे, सोयाबीनच्या ओंजळी. सगळ्यांत वयस्क कष्टकऱ्यानं आभाराची प्रार्थना करायची, ही आपली जुनी रीत. यंदा ती पाळी तळ्यावर मासोळी विकणाऱ्या एका म्हातारबाईंची होती. त्या उठल्या, पदर सावरला, "देवबापा" एवढं म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून थांबल्या. "तुमीच करा पाळकसाहेब, मले नाई येत नीट." मी "करा, करा" म्हणायला हवं होतं. मी काय केलं असेल, ते तू ओळखलंच असशील. डोळे मिटले आणि दहा मिनिटं अस्खलित प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

तेव्हा मला तुझा तो सण आठवला. मी नुकताच शिकून आलो होतो आणि ऊर्जानगरजवळच्या या मंडळीत माझं ते पहिलंच वर्ष. नागपूरहून पाहुणे आले होते. वेदीवर मी इस्त्रीची पांढरी चादर अंथरली होती. आणि तू पोंभुर्ण्याकडून एसटीनं, ओल्या पोत्यात चार जिवंत मरळ मासोळ्या घेऊन दारात उभा. पोत्यातून पाणी गळत होतं. पाहुण्यांपुढे मला लाज वाटली रे. "बाबा, हे बाहेर ठेव," म्हणालो, "आणि आज प्रार्थना तू नको करू." तू काऊन म्हणूनसुद्धा विचारलं नाहीस. पूर्ण उपासनाभर चपलांशेजारी पायरीवर बसून राहिलास, पोत्यावर पाणी शिंपडत. आत मी नम्रतेवर प्रवचन देत होतो. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

संध्याकाळी तूच माझ्या स्वयंपाकघरात त्या मासोळ्या साफ केल्यास, रस्सा केलास, डोक्याचा तुकडा माझ्या ताटात वाढलास. मला वाटलं, विषय संपला. मग हात धुता धुता म्हणालास, "बाबू, तू लय चांगला बोलतं. पण सारा वेळ तूच बोलून राह्यला. देवानं कवा बोलावं?" मला राग आला. अंगठा उठवणारा माणूस मला देव शिकवतो! त्यानंतर तू माझ्यासमोर कधीच मोठ्यानं प्रार्थना केली नाहीस. ताट समोर आलं की माझ्याकडे बघायचास, "तूच कर." शेवटच्या दुखण्यातही तेच. मी तुझ्या उशाशी बसून सुंदर शब्द जुळवत होतो आणि तू छताकडे बघत होतास. लहानपणी तळ्याच्या काठावर ऐकलेली तुझी प्रार्थना तेवढी मला पाठ आहे: "देवबापा, तळं तुयं, मासोळी तुयी, जाळं तेवढं मायं. तेबी फाटलं हाय, पाह्यजो." ती पुन्हा एकदा तुझ्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते देईन. तुझं तोंड मीच बंद केलं, आणि आज त्या बाईंचंही.

त्यांचं घर इथून चालत पाच मिनिटांवर आहे. जाऊन माफी मागायची आहे. त्यांच्याच घरी, त्यांच्याच बोलीत प्रार्थना करा म्हणायचं आहे, आणि मला गप्प बसायचं आहे. दुपारपासून चप्पल दोनदा घातली, दोनदा काढली.

आणि एक कबूल करतो. वरचं लिहिताना मध्येच मनात आलं, हे पुढच्या रविवारी वाचून दाखवलं तर लोक रडतील. म्हणून हे कोणाला दाखवणार नाही, चुलीत घालीन. बाईंपुढे काय बोलायचं, ते आज पहिल्यांदाच मी पाठ केलेलं नाही. मला भीती वाटते, बाबा.