मॉसीचा निळा रंग

बालीनामारा, केरी, आयर्लंड
सप्टेंबर अखेर

प्रिय गोरेटीताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार आणि गालाला गाल. तुझा गुडघा कसा आहे? बॉस्टनच्या जिन्यांवरून त्याला फार हिंडवू नकोस. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण या महिन्यातले सहा दिवस मी त्यांच्यावरच काढले. (एवढी गुडघ्यांवर मी कॉन्व्हेंटमध्येही नव्हते, आणि तिथं निदान खाली उशी असायची.)

तू लिहिलंस तसंच मी केलं. घर विकायचं, मी तुझ्याकडं राहायला यायचं, आणि गिऱ्हाइकं यायच्या आधी शॉवरखाली उभं राहायचा तो जुना ट्रे स्वस्तात नीट करून घ्यायचा. घर आईबाबांचं, निम्मं तुझं. मी नाही कशी म्हणणार? एजंटानं बाथरूमचं दार उघडलं आणि हळूच लावून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं. त्याचंही बरोबर आहे. ट्रेचा निळा रंग पापुद्रे धरून सुटायचा आणि आंघोळ झाली की पोटऱ्यांना चिकटायचा. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या हॅनानं माझ्या मोज्यावरून एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला, हरवलेलं बटण द्यावं तसा.

तो रंग तिथं कसा आला हे मी तुला कधी सांगितलं नाही. अकरा वर्षांपूर्वी वाडीतल्या घरोघरी फिरणारी मिस्सा पाळीनं आपल्या घरी आली, म्हणजे फादर आणि सगळी वाडी प्रार्थनेला घरात. तुला आठवत असेल, अशा वेळी आई कोंबड्यांच्या खुराड्यालाही चुना लावायची, जणू फादर आधी तिथंच जाणार. मीही तिचीच मुलगी. भिंती रंगवून झाल्या, फाटक झालं, आणि आदल्या संध्याकाळी मला ट्रेवरचे पिवळे डाग दिसले. माझा मॉसी दिवसभर होड्या रंगवून बंदरावरून नुकता आला होता. मी म्हटलं, "फादर हात धुवायला आत गेले तर?"

"हात धुतील गं. आंघोळीला थोडेच बसणार आहेत?" असं म्हणाला, पण होडीच्या रंगाचा डबा घेऊन आला. "अटलांटिकमध्ये टिकतो हा. तुझ्या साबणाला काय भितोय?"

सकाळी अर्धवट झोपेत तो शॉवरमध्ये शिरला. उजवा पाय टाकला आणि मग त्याला ओला रंग आठवला. कुणी आत जाऊ नये म्हणून मी बाथरूमच्या दाराला संत अंतोनीची तसबीर टांगली आणि फादरना अंगणातल्या नळावर हात धुवायला पाठवलं. (पाऊस होता. फादर चांगले होते म्हणून काही बोलले नाहीत.) मॉसी निळा पाय बुटात घालून पहिल्या रांगेत गुडघे टेकून बसला, चेहरा अगदी साधूसारखा. तो रंग सहा महिन्यांत सुटायला लागला आणि पुढची नऊ वर्षं, मॉसी देवाघरी जाईपर्यंत, मी त्याला ऐकवत राहिले की होड्या रंगवणाऱ्या माझ्या नवऱ्याला घरचा एक ट्रे धड रंगवता येत नाही.

आता सामान आणायला बॅटीच्या रंगाच्या दुकानात गेले, तर तो म्हणाला, "बाई, सगळा खरवडा. मग पॉलिश पेपरनं घासा, चिरा भरा, आणि हे दोन डबे एकत्र करून लावा. गुळगुळीत ट्रेवर घासल्याशिवाय काही धरत नाही. मॉसीला मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग त्यानं घासला का नाही?"

"तोच म्हणाला, घासायला एक दिवस लागेल आणि सकाळी मिस्सा आहे. म्हणाला, बॅटी, तिला मी वेळ मागू शकत नाही, ती आधीच रडायच्या बेतात आहे."

मी दोन्ही डबे घेऊन घरी आले आणि कोट न काढता बराच वेळ स्वयंपाकघरात बसले. मग कामाला लागले. डावी बाजू सहज सुटली. चिरा भरल्या, त्या जरा आपल्या आत्याच्या लिपस्टिकसारख्या झाल्या आहेत, रेषेच्या बाहेर, पण भरल्या. आता ट्रे पांढराशुभ्र दिसतो. एजंटाला कळवतेच.

जपून राहा. तुझ्या नावानं रोज एक मेणबत्ती लागते आहे.

तुझी,
कन्सेप्टा

ता. क. पांढराशुभ्र म्हटलं ते तितकंसं खरं नाही. उजव्या कोपऱ्यात मी वहीच्या पानाएवढा निळा ठेवला आहे. तिथं त्याचं पाऊल आहे. करंगळी उठलेली नाही. ती कधी जमिनीला टेकायचीच नाही. तीनदा खरवडायचा पत्रा हातात घेऊन बसले आणि तीनदा चहा करायला उठले. शेवटी बॅटीनं पारदर्शक थराची बाटली दिली, ती वरून लावली. तीन दिवस सुकू द्यायचं असतं. आज अकरावा आहे. एजंटाचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही.

आणखी एक. येत्या वसंतातली मिस्सा हॅनाकडं ठरली होती, ती मी मागून आपल्याकडं घेतली. मिस्सा ठरलेलं घर विकता येत नाही असा काही नियम नाही (मी फादरना विचारलं, ते हसले). म्हणून तुलाच विचारते, ताई. हे घर राहू दे. मी तिकडं येण्याऐवजी तूच इकडं ये, मिस्सेआधी भिंती रंगवायला आणखी दोन हात लागतील. आंघोळीला मात्र डावीकडं उभी राहा. उजवीकडं मॉसी आहे.