नववी ‘ब’ला रडवण्याचे प्रयत्न

१० नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. स्टाफरूममध्ये चकल्यांचे डबे आणि तेलकट बोटांनी तपासलेल्या वह्या. शी. शिरपुरातल्या या शाळेत विचार करणारा माणूस मी एकटाच. हेडमास्तरीण दिपमाला मॅडमना सांगितलं, नववी ‘ब’ला दर गुरुवारी शेवटच्या तासाला हॉलमध्ये सिनेमा दाखवणार. विषय: आदिवासी किशोरांचं जीवन. पोरांच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "प्रेमराज सर, इतिहासाचा पोर्शन राहिलाय." हेडमास्तरांच्या खुर्चीत बसलं की माणसाची दृष्टी जाते.

१३ नोव्हेंबर
पहिला सिनेमा. पाड्यावरचा मुलगा अनवाणी नदी ओलांडून शाळेत जातो. मागे बासरी. मी स्वतः दोनदा गहिवरलो. वर्गाचं बोरं खाणं चालू. स्वप्नीलने थुंकलेली बी माझ्या बुटावर. मुलगा नदीत पडला तेव्हा बबलू पावरा चक्क हसला. स्वतः आदिवासी असून! विचारलं तर म्हणतो, "सर, तो मुद्दाम पडला. एवढुशा पाण्यात कोण पडतं?" किळस आली. इतका कोरडेपणा या वयात!

१४ नोव्हेंबर
चूक सापडली. सिनेमानंतर जिवंत अनुभव हवा. पहिल्या बाकावर ज्योत्स्ना पावरा बसते, पोरगी हुशार आहे. पुढच्या गुरुवारी तिला उभं करणार. घरी मेघाला सांगितलं. ती मेथी निवडत म्हणाली, "त्या पोरीला विचारलंत का?" बायकोला शिक्षणशास्त्र समजावणं व्यर्थ.

२० नोव्हेंबर
उभं केलं. म्हटलं, "तुझ्या वेदना सांग." म्हणाली, "काही नाहीत सर." म्हटलं, जंगलातल्या सांग. म्हणाली, "मी शिरपुरातच जन्मले. पप्पा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत." वर्ग हसला. मी सोडतो होय? घरी काय खाता, उपाशी झोपता का, लोकांत लाज वाटते का, सगळं विचारलं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उपक्रम यशस्वी! टाळ्या मात्र एकानेही वाजवल्या नाहीत. मेल्या मनाची पोरं.

२२ नोव्हेंबर
मॅडमचा निरोप: सोमवारी ज्योत्स्नाचे वडील खाज्याभाऊ भेटायला येताहेत. आभार मानायला असणार. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

२४ नोव्हेंबर
माणूस डेपोतून थेट आला. हाताला ग्रीस. मी लांबूनच नमस्कार केला. तो माझ्याशी बोललाच नाही, मॅडमशी बोलला. "पोरगी दोन दिवस जेवली नाही. मॅडम, मी तिला शिकायला पाठवतो, दाखवायला नाही. या तासाला पुन्हा बसवली तर दाखला काढून नेईन."
मॅडमनी लगेच मान्य केलं. गुरुवारी शेवटच्या तासाला ज्योत्स्ना लायब्ररीत. मला विचारलंसुद्धा नाही! जाताना खाज्याभाऊ माझ्याकडे वळले. "सर, तुमच्या घरातलं दुःख तुम्ही वर्गाला सांगितलं का कधी?" मी म्हटलं, तो अभ्यासक्रमाचा भाग नाही. पालक असे, मग पोरं कशी असणार?
शर्टला डाग पडला नाही, एवढंच बरं झालं.

२७ नोव्हेंबर
दुसरा सिनेमा. यात मुलगी लाकडाची मोळी वाहते आणि अजिबात बोलत नाही. फार खोल. ज्योत्स्नाबरोबर बबलू आणि आदिवासी हॉस्टेलची बाकीची पोरंही लायब्ररीत गेली. वाचनाची गोडी लागली तर! हा माझ्याच सिनेमांचा परिणाम. उरलेल्या वर्गात कोंदट मोज्यांचा वास. स्वप्नील घोरत होता.

४ डिसेंबर
आणखी निम्मा वर्ग लायब्ररीत. पुस्तकांची ही ओढ पाहून ऊर भरून आला. धुळ्याला शिक्षक संमेलन आहे, तिथे यावर निबंध वाचतो. शीर्षक ठरलं: ‘दृश्याकडून शब्दाकडे’. मेघा म्हणाली, "आधी लायब्ररीत डोकावून तर या." स्वभावच संशयी.
आज शेवटपर्यंत बसलेल्यांत एकाचं पोट दुखत होतं. त्याला उठवत नव्हतं.

११ डिसेंबर
हॉलमध्ये गेलो. कोणी नाही. शिपाई जीवराम म्हणाला, "सर, बठ्ठा पोरे लायब्ररीमा शेतस." अख्खा वर्ग लायब्ररीत!
गेलो. एकाच्याही हातात पुस्तक नाही! सगळे कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीने बसलेले. ग्रंथपालसुद्धा त्यांच्यात. ज्योत्स्नाने दिवाळीत पप्पांच्या फोनवर आजीच्या गावी काढलेला सिनेमा चालू. तिचे चुलतभाऊ डोंगराच्या उतारावर क्रिकेट खेळताहेत. एकजण आउट होतो, मानत नाही, बॅट घेऊन पळतो. बाकीचे मागे. चेंडू आजीच्या ज्वारीत जातो. आजी दिवालीबाई काठी घेऊन धावते, चेंडू उचलते आणि स्वतःच बॉलिंग टाकते. बॅटवाला पुन्हा आउट. संपलं.
मी दुःखाची वाट पाहत होतो. ते आलंच नाही. पोरं ओरडली, "परत लाव!" बबलू बाकावर उभा राहून आजीची बॉलिंग करून दाखवत होता आणि ज्योत्स्ना पोट धरून हसत होती. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.
किती बेशिस्त! बसायला खुर्ची नव्हती. कोणी दिलीही नाही. दारात उभं राहून विचारलं, "यातून संदेश काय मिळतो?"
कोणी वळलं नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "सर, स्क्रीनवर उजेड पडतोय. दार लावता का?"
लावलं. मग लक्षात आलं, मी बाहेरच्या बाजूला होतो.