ताईच्या मशीनवरचं पाचारण

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. सहा वर्षांनी लिहितोय, एवढी सवलत दे. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो आणि चर्चच्या छताची गळती एकदाची थांबली. तुझं कसं चाललंय? लेकीकडे करमतं का? अजून शिवतेस, की जावयानं मशीन माळ्यावर टाकलं?

तू म्हणशील, हा लहानपणापासून असाच, मुद्द्यावर यायला अर्धा दिवस लावतो. येतो.

परवाच्या रविवारी उपदेशाचा विषय होता पाचारण. ध्यानीमनी नसताना देव माणसाला कसा हाक मारतो. मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता. गिदोन शत्रूच्या भीतीनं लपून गहू झोडत होता. अलीशाच्या हातात नांगर होता, पेत्राच्या हातात जाळं. हात जोडून वाट बघत कोणीच बसलं नव्हतं. मोशेनं तर सबबींवर सबबी सांगितल्या. शनिवारी हे सगळं लिहून काढलं आणि शेवटी नेहमीप्रमाणे माझी साक्ष, म्हणजे मला हाक कशी आली ते, लिहायला घेतली, तर पेन पुढं सरकेना. ही सगळी माणसं आपापल्या कामावर होती, ताई. दुसऱ्याच्या मशीनवर बसलेला मी एकटाच.

आता सरळ लिहितो. हाक तुला आली होती. दुकानात तू कोटाला टीप मारत होतीस, दोरा संपला, बॉबिन बदलायला खाली वाकलीस आणि कोणीतरी तुझ्या घरच्या नावानं तुला हाक मारली. वर बघितलंस तर दुकानात कोणी नव्हतं. हे तू फक्त मला सांगितलंस. तेव्हा बायकांना पाळक करत नव्हते, म्हणून तू गप्प बसलीस. मी मात्र पाळकाच्या अर्जावर ‘पाचारण केव्हा व कसे झाले’ या प्रश्नाखाली तुझी गोष्ट माझी म्हणून लिहिली. वडिलांना घरात पाळक हवा होता आणि मला लिहायला दुसरं काही नव्हतं. मग दरवर्षी तीच साक्ष देत आलो. बावीस वर्षं तू पहिल्या बाकावर बसून ती ऐकलीस आणि एका रविवारी मधूनच उठून गेलीस, ती गावच सोडून गेलीस. लोकांना मी सांगितलं, ताईला चक्कर आली. त्याची मला अजून लाज वाटते.

तर या रविवारी व्यासपीठावरून सांगून टाकलं. गोष्ट माझ्या बहिणीची आहे, मी ती चोरली, हवं तर आजच चर्चच्या किल्ल्या घ्या. मग मागच्या बाकावरचे म्हातारे शिंपीकाका उठले.

“पाळकसाहेब, मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही दरवेळी सांगता, सुईतला दोरा संपला म्हणून बॉबिन बदलायला वाकलो. अहो, बॉबिनचा दोरा खालचा. सुईत येतो तो वरच्या रिळाचा. मशीनवर बसलेला माणूस असं बोलायचा नाही.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“माझी बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुम्ही अकरा दिवस रोज येऊन बसलात. चमच्यानं पाणी पाजलंत तिला. म्हटलं, ह्याला शिवता येत नाही, पण ह्याला कोणीतरी पाठवलाय खास.”

लोक हसले. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो. त्या दुपारी पोटभर जेवून झोपलो तो संध्याकाळीच उठलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मंडळीनं किल्ल्या घेतल्या नाहीत. दोन महिने व्यासपीठावर चढायचं नाही, मागं बसून ऐकायचं, एवढंच ठरलं. मला वाटतं, स्वस्तात सुटलो. आता बायकाही व्यासपीठावर उभ्या राहतात, आणि येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष तुझ्या तोंडून ऐकायची, असं सगळे म्हणतायत. तुला बोलवायचा हक्क मला उरलेला नाही. निरोप तेवढा पोचवतो. माफीही मागतो. ती द्यायची की नाही, ते सावकाश ठरव.

एक गोष्ट अजून कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी तू मला सांगत होतीस तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तू कोट घेऊन उठलीस. पुढचं मी ऐकलंच नाही. हाकेनंतर जे काही सांगितलं गेलं म्हणून मी सांगत आलो, ते पेत्राला सांगितलेलं उचलून तुझ्या गोष्टीला जोडलं होतं. गोष्ट घेतली तीही अर्धी, आणि उरलेली अर्धी तुला कधी विचारावीशी वाटली नाही.

आज विचारतो. ताई, तुला काय सांगितलं होतं गं?

मागच्या बाकावर बसून ऐकणारा,
तुझा भाऊ